साडूंचं तेल आणि माझं मनगट

माझ्या थोरल्या साडूंनी मला जितक्या वेळा तोंड उघडं टाकून उभं केलं, तितक्या वेळा निजाम सरकारच्या सगळ्या कचेऱ्यांनी मिळूनही केलं नसेल. मी हिंगोलीच्या मोंढ्यातला आडत्या. दुसऱ्याच्या दुकानात पोती शिवता शिवता स्वतःची आडत घातली, कुणाची मदत घेतली नाही. भाव कोसळलेले पाहिले, गिऱ्हाईक उलटलेलं पाहिलं, एकदा डोळ्यांदेखत कापसाची गंजी पेटलेली पाहिली. राग आला, राग मला येतोच, ते मी लपवत नाही. पण थक्क होऊन गप्प बसायची पाळी आली नाही. ती पाळी आणायचं काम या एका माणसानं आपल्याकडे ठेवलं होतं, आणि सासऱ्यांच्या मांडवात मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हापासून ते त्यांनी मोठ्या निष्ठेनं केलं. त्या मांडवात, अंगाला हळद लागलेली असताना, मुंडावळ्यांच्या फटीतून मला दिसलं ते असं: एक उंच, काटकुळे गृहस्थ नाडी बघावी तसा माझा उजवा हात उचलतात, मनगट नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि शेजारच्या भटजींना सांगतात, "हळदीखाली काय हाय ते कळून न्हाई राहिलं. उद्या न्हायल्यावर बघू." हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसऱ्या दिवशी न्हायल्यावर मी त्यांच्यापासून चार हात लांब राहिलो, आणि या माणसाच्या हातात हात म्हणून द्यायचा नाही असं तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

ते कळमनुरीचे. तहसील कचेरीत कारकून होते, आणि त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की नवे साहेब लोक कागद वाचायच्या आधी नुसते बघत बसायचे. एका चातुर्मासात कयाधूच्या काठी एक गोसावी येऊन राहिले. त्यांनी शरीरातल्या सात चक्रांवर प्रवचनं केली. मूलाधार बैठकीपाशी, कामवासनेचं स्वाधिष्ठान ओटीपोटाखाली, मणिपूर नाभीपाशी, अनाहत हृदयात, असं वर चढत चढत सहस्रार टाळूवर. बाकीचं कळमनुरी ऐकून घरी गेलं आणि जेवलं. साडू जेवले नाहीत. महाराजांनी एकेका चक्राच्या पाकळ्या सांगितल्या, रंग सांगितला, अक्षर सांगितलं, मग वास काहून सांगितला नाही, या विचारानं त्यांचा डोळा लागेना. सकाळी उठून त्यांनी ठरवलं की हे राहिलेलं काम आपण पुरं करायचं. सात चक्रांची सात तेलं. त्यापायी त्यांनी नोकरी सोडली आणि कारण दिलं, "कचेरीतल्या शाईनं मूलाधार बसतो." ही बातमी मला दुकानात कळली तेव्हा मी तूर तोलत होतो. तागडी तशीच लोंबकळत राहिली. माणसं दारूपायी नोकरी घालवतात, बाईपायी घालवतात, साहेबाच्या थोबाडीत देऊन घालवतात. शाईच्या वासापायी घालवलेला माणूस मी हा एकच पाहिला.

तेल करायची त्यांची रीत बघून कुठल्याही व्यापाऱ्याला चक्कर यावी. तीळ धुऊन, पाखडून ते फुलांच्या थरात निजवायचे. सकाळी कोमेजलेली फुलं काढून नवी घालायची, परत निजवायचे, आणि हे तीळ वासानं जड होईपर्यंत. "जड झाले" हे कसं ओळखायचं, तर ते मूठभर तीळ कानाशी नेऊन हलवायचे. नाकाचं काम कानानं! मग लाकडी घाण्यावर तेल काढायचं. मुळ्यांचा आणि पाल्याचा कारभार निराळा. नदीकाठचा नागरमोथा, वाळा, वेखंड, माळावरचं रोशा गवत, मरवा, दवणा, वसमतकडून गाडीत घालून आणलेली हळदीची ओली पानं. ते सगळं कुटून, तेलात घालून, तोंडाला फडकं बांधून सात बरण्या अंगणात उन्हाला बसवलेल्या. त्यातलं सहस्राराचं फडकं कुणासमोर कधी सुटलं नाही. "मुरायचंय अजून," एवढंच म्हणायचे. स्वाधिष्ठानाची बरणी मात्र पाहुणे आले की उचलून न्हाणीत नेऊन ठेवायचे, आणि का म्हणून विचारलं की आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, तोंडाला पदर लावून आत पळायच्या.

आणि एवढी उस्तवार करून काढलेल्या तेलाबद्दल त्यांचं मत काय, तर बाटलीतल्या तेलाला वासच नसतो! "बाटलीत नुसता सवाल असतो, साडभाऊ. जबाब कातडं देतं." लावल्या लावल्या जो येतो तो त्यांच्या भाषेत ओसरीतला वास. ओसरीत कुणीही येऊन बसतं. कापरासारखा, लिंबाच्या पाल्यासारखा, मोठ्यानं बोलणारा आणि लगेच उठून जाणारा. घटकाभरानं अंगाची ऊब लागली की माजघर उघडतं. तिथून पुढं एकाचा वास दुसऱ्याला नाही. अनाहताच्या तेलात गुलाब आणि रोशा; पण तेच तेल अक्कांच्या हातावर निवत आलेल्या दुधासारखं व्हायचं आणि माझ्या बायकोच्या हातावर उकडलेल्या बोरांसारखं. एका आईच्या लेकी, एका बाटलीतलं तेल. हे मी स्वतः हुंगून पाहिलं आहे. पुढं दिवस कलला, सगळं उडून गेलं, की नाक कातड्याला अगदी टेकवल्यावर जे उरतं ते देवघर. त्यात मुळ्यांचा वास कुठला आणि माणसाचा कुठला हे सांगता येत नाही. "तिथवर कुणी जात न्हाई," ते म्हणायचे. "लोकं ओसरीतूनच भाव करून परत जातेत." हे माझ्याकडे बघून म्हणायचं काही कारण नव्हतं, पण ते माझ्याकडे बघूनच म्हणायचे.

अक्कांनी हे सगळं कसं सोसलं देव जाणे. तेल लावून कुणी ओसरीवर बसलं असेल तर त्याचं माजघर उघडेपर्यंत घरात फोडणी द्यायची बंदी. मोहरी तडतडली की अख्खं अनाहत मोडतं म्हणे. एकदा आम्ही जेवायला गेलो तर वरण बिनफोडणीचं, भाजी बिनफोडणीची, आणि अक्का हातात पळी घेऊन दारात उभ्या, आतून बाहेर विचारून राहिल्या, "झालं का वो त्या पाटलाचं? लेकरं उपाशी हायेत." माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरी लग्नाला मुहूर्त लागतो. आमच्यात जिऱ्याला लागतो बाई." मला वाटलं रडतील. पण त्या हसून राहिल्या होत्या.

गिऱ्हाइकाला बाटली द्यायच्या आधी साडू त्याला सकाळी तेल लावायचे आणि दिवेलागणीपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचे नाहीत. शेतकरी असला तर औतामागे चालायचे, दुकानदार असला तर गादीवर बसायचे. एकदा नवे तहसीलदार आले, खानदानी अत्तरात वाढलेले, कानात फाया घालणारे. आपल्याच कचेरीचा जुना कारकून तेलं करतो हे कळल्यावर त्यांनी बोलावणं धाडलं. साडूंनी त्यांना अनाहत लावलं आणि भर इजलासात त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. दावे चालू, वकील बोलून राहिले, आणि मध्येच हे पुढे होऊन साहेबांचं मनगट उचलून हुंगायचे. पट्टेवाल्याला काय करावं कळेना. दुपारच्या सुमाराला साडू अदबीनं झुकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हुजूर, आपके हाथ पे गुलाब की ककडी हो रही है." त्या दिवशी माझा एक जमिनीचा दावा होता म्हणून मी समोरच बसलो होतो. वाटलं, आता यांना आत टाकतात आणि नातेवाईक म्हणून मलाही. साहेबांनी मनगट नाकाशी नेलं, बराच वेळ तसंच धरलं आणि म्हणाले, "सही है." मग ते दिवसभर मनगटच हुंगत बसले आणि माझ्या दाव्याला पुढची तारीख पडली.

मी व्यापारी माणूस. मला दिसत होतं की हा विकाऊ माल आहे. नांदेडचा एक अत्तराचा व्यापारी मी गळ घालून कळमनुरीला आणला. त्याच्याशी घासाघीस केली, एकदा त्याच्या गादीवरून ताडकन उठून निघून गेलो, एकदा त्याला उठून जाऊ दिलं, आणि असा सौदा बसवला की साडूंनी फक्त मान हलवायची राहिली होती. त्यांनी विचारलं, "ही तेलं लावणार कोण?"

"गिऱ्हाईक लावंल," व्यापारी म्हणाला.

"कोण गिऱ्हाईक?"

"आता ते कसं सांगू? लई लोक घेतील."

"मग त्या लोकांना घेऊन या ना. येकेक जण बराबर बघून देतो. तकलीफ न्हाई."

व्यापारी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नव्हतं. परतीच्या वाटेवर तो माझ्याशी चकार शब्द बोलला नाही, आणि नांदेडच्या बाजारात माझ्याबद्दल काय बोलला ते मला अजून ऐकावं लागतं. मी साडूंवर ओरडलो. सात बरण्यांच्या मधे उभा राहून ओरडलो, "तुमी धंदा करून राहिले का माझी फजिती?" ते पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "ओरडता ओरडता मनगट द्या जरा. मणिपूर लावून बघतो." मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. मला हा शौक परवडणारा नव्हता. मोंढ्यात वास मारणारा आडत्या दिसला की लोक समजतात, हा रात्री तमाशाच्या फडावर होता आणि सकाळी तिथूनच दुकानात आला.

पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल जी अढी आहे ती यातल्या कशाचीच नाही. ती इंदूच्या बैठकीची आहे.

इंदू माझी एकुलती मुलगी. तिची दोन ठिकाणं आधी देण्याघेण्यावरून फिसकटली होती. माझं त्यात काही चुकलं नव्हतं. समोरच्यांनी पायरी सोडली, म्हणून मी आवाज सोडला. पण हिंगोलीत बोलवा झाली की याच्या घरी सोयरीक करणं आणि याच्याकडे तूर विकणं सारखंच, अंगावरचे कपडे सांभाळून जा. तिसरं ठिकाण हट्टा गावचं आलं. जमीन चांगली, हळदीचा मोठा मळा, मुलगा शिकलेला आणि सरळ. इंदूनं त्याला एकदा जत्रेत लांबून पाहिलं होतं. ती काही बोलली नाही, पण त्या आठवड्यात भाकरी रोज करपत होती. बायकोनं मला सांगून ठेवलं, "ह्ये जर का तुमच्या तोंडानं मोडलं, तर मी आन पोरगी कळमनुरीला अक्काकडं जाऊन राहू." त्या बरण्यांमध्ये! मी शब्द दिला की आवाज चढवणार नाही. आणि यानंतर चौथं ठिकाण येणार नाही, हे मलाही कळत होतं.

बैठकीला पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचा मान नात्यात थोरले म्हणून साडूंकडे गेला. मी बाजारातून गुलाबाचं अत्तर आणून ठेवलं होतं. त्यांनी ते नुसतं बघितलं आणि धोतराच्या सोग्यातून आपली बाटली काढली. "बैठक म्हंजे मणिपुराचं काम. भूक, राग, हिंमत, समदं नाभीत." हळदीची पानं, ओवा, सुंठ आणि दवणा. सगळ्यांच्या उजव्या मनगटाला आणि हाताच्या पाठीला त्यांनी ते चोळलं, आणि शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इतकी वर्षं जो हात मी त्यांच्यापासून वाचवला, तो व्याह्यांच्या देखत पुढे करावा लागला. ओव्याचा भपकारा आला. मला वाटलं, झालं, एवढंच.

बोलणी सुरू झाली. मांडव कुणाचा, वऱ्हाडात माणसं किती, मानपान काय. मी शब्द पाळला, आवाज खाली ठेवला. पण खाली ठेवलेल्या आवाजातही घोडं अडायचं तिथं अडलंच. दारामागे बायकांची कुजबुज वाढली. तेव्हा मुलाचे वडील, जाडजूड, मिशाळ, हळद विकायला मोंढ्यात येऊन येऊन पक्के झालेले, त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आमच्या दोघांच्या मधे पसरलं. "तोंडानं बोलून बायांच्या जिवाला घोर काहून लावायचा? हात द्या, आडतसाहेब." मोंढ्यात आम्ही भाव असाच करतो. कापडाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. चारचौघांत बसूनही दोघांशिवाय कुणाला कळत नाही. सोयरिकीचा सौदा उपरण्याखाली झालेला मी पाहिला नव्हता, पण मला तो मनापासून आवडला. हे माझं रान होतं. आम्ही दोघं डोळ्यांत डोळे घालून बसलो. खाली हातांची झटापट. त्यांनी बोट दाबलं, मी सोडवलं, त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवर तळवा गच्च दाबून धरला, मी अंगठा मुरगाळला. घाम फुटला. वरून बघणाऱ्यांना दोन माणसं देवाचं नाव घेत बसल्यासारखी दिसत असतील. शेवटी एका बोटावर येऊन थांबलं. ते बोट, म्हणजे देण्यातली तेवढी रक्कम, मी वाचवलं होतं. दोघांनी हात बाहेर काढले, हसलो, आतून साखर आणायला सांगितली.

आणि साडू उठले. त्यांच्या हिशेबानं आता माजघर उघडलं होतं. पाहुण्यांतले अण्णा, तात्या, भाऊ, एकेकाचा हात हुंगत ते मुलाच्या वडिलांपाशी आले. त्यांचा पंजा दोन्ही हातांत घेऊन नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा उतरला. असा उतरला की साखर घेऊन येणारी माझी बायको दारातच थबकली.

"ही सोयरीक करू नका," साडू म्हणाले.

ओसरीवर कुणी हललं नाही.

"तापल्या तव्यावर हळद पडून जळावी, असा वास हाय," ते सांगून राहिले, वाईट वाटत असल्यासारखं, हळू आवाजात. "लई चिवट माणूस. राग धरून ठेवणारा. सुनंच्या ताटातला घासबी मोजंल. आपली इंदू हितं सुकून जाईल, साडभाऊ."

मुलाच्या वडिलांनी पागोटं उचललं. त्यांच्याबरोबरचे उठून वहाणा शोधायला लागले. मला ओरडायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते जमलं नाही. दारामागे काहीतरी पडलं, बहुधा ताट, आणि त्यामागून इंदूचा एक हुंदका ऐकू आला.

मुलाचे वडील पायरीपर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी आपलं मनगट हुंगलं. मग तळवा हुंगला. परत मनगट, परत तळवा. "ओ कळमनुरीकर," ते म्हणाले, "जन्म हळदीत गेलाय माझा. करपलेली हळद मला वळखू येती. तुमी तेल लावलं ते हितं, मनगटाला. हितं तर गुळावानी वास हाय, बघा. करपलंय ते तळव्याला. तळव्याला काय लावलं तुमी?"

"तळव्याला मी लावतच न्हाई," साडू म्हणाले. ते पायरी उतरून गेले, मनगट हुंगलं, तळवा हुंगला, आणि मग फार सावकाश त्यांची मान माझ्याकडे वळली. त्यांच्यामागे सगळ्या ओसरीची वळली. ते माझ्यापाशी आले. मला हात मागे घ्यायचंही सुचलं नाही. माझ्या हाताची पाठ त्यांनी नाकाला लावली आणि निर्मळ, समाधानी आवाजात म्हणाले,

"हां. हितून आलाय."

मुलाचे वडील आधी नुसते बघत राहिले. मग पायरीवरच बसले आणि असे हसले की तोंडातली सुपारी अंगणात पडली. "म्हंजे पोरीच्या बापाचा वास मला चिकटला व्हय! आवो, आमाला पोरगी न्यायची हाय, बापाला कोण घेऊन चाललंय? बसा रे समदे, वहाणा काढा." सगळी बैठक हसत होती. साडूही हसत होते. मी वाचवलेलं ते एक बोट मात्र मला सोडावं लागलं, कारण जिथं चारचौघांदेखत माझा हात हुंगून निकाल लागला, तिथं परत उपरण्याखाली कुठल्या तोंडानं हात घालणार? मी नंतर एकट्यानं हात हुंगून पाहिला. मला तर नुसत्या ओव्याचाच वास आला.

लग्न झालं, इंदू हट्ट्याला गेली, चांगली रमली. आणि साडूंनी नवीनच छळ सुरू केला. दर थोड्या दिवसांनी ते सर्व्हिस मोटारीनं हिंगोलीला यायचे, थेट माझ्या दुकानात. पोत्यावर बसायचे, काहीतरी काळपट तेल काढायचे आणि माझं मनगट धरायचे. आता नाही म्हणण्यात अर्थ उरला नव्हता. अब्रू गेलेलीच होती. ते हुंगायचे, मान हलवायचे, "अजून न्हाई," म्हणायचे आणि पुढच्या खेपेला दुसरी बाटली घेऊन यायचे. मी शांत असलो तर ते त्यांना चालत नसे. गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "कापूस ओला दिसून राहिला हो." मी भडकलो की लगबगीनं मनगट नाकाशी. मला वाटायचं, हा माणूस माझा वास सुधारायला निघाला आहे, माझी शुद्धी करतो आहे. असला उपकार मी कुणाकडे मागितला नव्हता, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बोला, बोला. बराबर उतरून राहिलंय."

मग रझाकारांच्या गडबडीचं साल आलं. गावंच्या गावं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. साडू आणि अक्काही वाशीमकडे साडूंच्या भावाकडे गेले. बरण्या अंगणातच राहिल्या; अक्का सांगतात, ते गाडीतून दोनदा उतरून परत जाऊन आले. पुढं सगळं निवळलं, लोक परतायला लागले, आणि वाशीमकडून आलेल्या एका माणसानं दुकानात येऊन सांगितलं की कळमनुरीकर तिकडेच तापानं गेले. मी त्या माणसावर ओरडलो. दोनदा विचारलं, कोण कळमनुरीकर. मग दुकान बंद केलं आणि हट्ट्याची वाट धरली, कारण ही बातमी इंदूला दुसऱ्या कुणाकडून कळलेली मला चालली नसती. तिला लहानपणापासून आपल्या या काकांचा फार लळा.

इंदूनं दार उघडलं. मला बघून तिला इतका आनंद झाला की ती माझा हात धरूनच आत घेऊन गेली. तिच्या मनगटाला कसला तरी वास होता. उग्र, जरासा करपट, खाली कुठंतरी सुंठीचा ऊबदार. बाईमाणसाच्या अंगाला शोभेल असा मुळीच नाही.

"ह्यो कसला गं वास?" मी विचारलं. "तुझ्या सासऱ्याचा का काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "दादा, तुमचाच की."

मी मनगट धरून पुन्हा हुंगलं. काही म्हणता काही ओळखीचं लागेना.

"लग्नाच्या वेळी मी काकांना म्हणलं होतं," ती म्हणाली. "मोंढ्यातून तुमी यायचा आन मला उचलून घ्यायचा, तो वास मला हट्ट्याला पायजे. काका म्हणले, तो चांगला न्हाई, पोरी. मी म्हणलं, असू द्या. पण माझ्या अंगावर समदं गोडच होतंय ना, त्यांना लई येळ लागला. हितं येऊन माझ्या हाताला लावून बघायचे, मग तुमचा हात हुंगायला हिंगोलीला जायचे. सुंठ वाढव, ओवा जाळून घाल. बाटलीत तर इतका घाण येतो की घरात कुणी बूच काढू देत न्हाई. अंगाला लावलं आन संध्याकाळ झाली, की मग तुमी येता."

मी खाली बसलो. इतक्या खेपा, त्या पोत्यावर बसून, माझ्या शिव्या खात. आणि मला एका शब्दानं सांगू नये! सांगितलं असतं तर मी निदान दोन वेळा बरा बोललो असतो. पण मग वास बिघडला असता, तेही आहे.

इंदूनं तांब्याभांडं आणलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "मी रोज न्हाई लावत. आठवण आली तरच. तरी बाटली तळाला आलीय. दादा, काकांना म्हणावं, इंदूला अजून येक पायजे. घाई न्हाई म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो, आणि तिच्या हातातून तांब्या घेतला. जे सांगायला आलो होतो ते सांगण्याआधी मला थोडं पाणी प्यायचं होतं.